आधी पाणी, मग प्राणी: इमोरीसाठी पहिली टाकी

टाकी आणली त्याच दिवशी तिच्यात प्राणी सोडू नका. चार वर्षांपूर्वी मला हे कुणी दटावून सांगितलं असतं, तर आमचा तिसरा न्यूट आज उरलेल्या दोघांबरोबर असता. न्यूट म्हणजे पाण्यात राहणारा शेपटीवाला छोटा उभयचर, जपानीत इमोरी. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे वाईचे, आता टोकियोत निशी-कासाईला राहतो. इमारतीत कुत्रं-मांजर चालत नाही. मुलगी आठ वर्षांची असताना क्योतोजवळच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेलो होतो. तिथे भातखाचराच्या पाटात तिला हा प्राणी दिसला. बोटभर लांब, काळपट पाठीचा, शेपटीवाला, हातपाय पसरून पाण्यात स्वस्थ तरंगत होता. गवतात शिरताना तो जरा कलला आणि खालचं लालभडक पोट दिसलं. "आई, याच्या पोटाला शेंदूर लावलाय!" म्हणून ती ओरडली, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

जपानीत याला आकाहारा इमोरी म्हणतात. 'आका' म्हणजे लाल, 'हारा' म्हणजे पोट. 'इमोरी' लिहिताना जी दोन अक्षरं वापरतात त्यांचा अर्थ होतो विहिरीचा राखणदार. आणि भिंतीवरच्या पालीला इथे 'यामोरी' म्हणतात, म्हणजे घराची राखणदार. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, घरातली पाल हाकलायची सोडून विकत कसली आणतेस?" तेव्हा तिला मी या दोन राखणदारांची गोष्ट सांगितली. न्यूट पालीच्या नव्हे, बेडकाच्या गोतावळ्यातला. कातडी ओली, अंगावर खवले नाहीत, अंडी पाण्यात. आपल्या सह्याद्रीत बेडूक आहेत, बिनपायाचे देवगांडूळ आहेत, पण शेपटी राखून मोठा होणारा उभयचर एकही नाही, म्हणून मराठीत याला रुळलेलं नावही नाही. भारतातले याचे भाऊबंद पूर्व हिमालयात, दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरतळ्यांत आहेत, आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते घरी आणायचे नाहीत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही लक्षात ठेवावं की रानातल्या प्राण्यांत कातडीची एक घातक बुरशी शिरू नये म्हणून तिथे २०१६ पासून सालामँडरच्या, म्हणजे अशा शेपटीवाल्या उभयचरांच्या, अनेक गटांची आयात बंद आहे, आणि त्यांत हा इमोरीही आला.

आधी जागा शोधा

न्यूट हा गार पाण्यातला जीव. १५ ते २२ अंश त्याला मानवतं, २५ पर्यंत तो निभावून नेतो, २८ च्या वर पाणी राहिलं तर जिवावर बेततं. टोकियोचा जुलै-ऑगस्ट पस्तिशीच्या घरात जातो. तेव्हा टाकी कुठे छान दिसेल हा प्रश्न बाजूला ठेवा आणि घरातली सगळ्यात गार जागा शोधा.

आम्ही ती अशी शोधली: चार पेले पाणी भरून चार ठिकाणी ठेवले आणि जूनमध्ये तीन दिवस भर दुपारी त्यांत थर्मामीटर बुडवून आकडे लिहून घेतले. बैठकीच्या खिडकीशी २९, फ्रिजच्या शेजारी २९, बेडरूमच्या कोपऱ्यात २७, आणि दारातून आत आल्यावर जिथे चपला काढतो त्या गेनकानजवळ २५. एकाच घरात, एकाच वेळी चार अंशांचा फरक! टाकी गेनकानजवळ गेली.

जागा जमिनीलगत हवी. गार हवा खाली बसते हे एक कारण, आणि दुसरं भूकंप. उंच कपाटावर ठेवलेली टाकी हलल्यावर काय होईल याचा विचार जपानात राहणाऱ्याने करायलाच हवा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, शिवाय काच आणि खडी, म्हणजे आमची टाकी पन्नास किलोंच्या पुढे आहे. बुटका, भक्कम स्टँड घ्या, खाली रबरी चटई घाला. विजेचा सॉकेट टाकीच्या खाली येऊ देऊ नका. वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर सॉकेटकडे जाईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाशीच गळून पडतं.

घरमालकाला विचारायचं राहू देऊ नका. 'प्राणी चालत नाहीत' असं करारात लिहिलेलं असलं तरी काचेच्या टाकीतल्या प्राण्याला बरेच जण हरकत घेत नाहीत. आम्ही विचारलं, होकार आला, तो लेखी घेऊन ठेवला.

टाकी आणि झाकण

जपानात ६० सेंटिमीटरची टाकी हे ठरलेलं माप आहे: ६० लांब, ३० रुंद, ३६ उंच. दोन-तीन न्यूटना ती घ्या. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण थोडं पाणी लवकर तापतं आणि लवकर नासतं, म्हणजे नवशिक्यालाच ती जास्त अवघड जाते. पाणी मात्र काठोकाठ भरायचं नाही. मी २२ सेंटिमीटरपर्यंत भरते, ते साधारण चाळीस लिटर होतं. न्यूट फुप्फुसांनीही श्वास घेतो, त्याला अधूनमधून वर यावं लागतं. आणि पाण्यापासून झाकणापर्यंत जितकी जास्त कोरडी काच, तितकं पळून जाणं कठीण.

हो, तो पळतो. ओल्या पोटाने उभ्या काचेला चिकटून तो सरळ वर चढतो. दुकानात मिळणाऱ्या काचेच्या झाकणाला एक कोपरा नळी जाण्यासाठी कापलेला असतो, जेमतेम दोन बोटं जातील एवढा. मला वाटलं, एवढ्यातून काय जाणार? पहिल्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी टाकीत एकच न्यूट दिसला. खडी चाळली, वनस्पती उचलून पाहिल्या, फिल्टरच्या मागे पाहिलं. शेवटी मुलीने टॉर्च घेऊन बुटांच्या कपाटाखाली डोकं घातलं आणि ती रडायलाच लागली. धूळ आणि केसांच्या गुंत्यात तो पडला होता, वाळक्या आमसुलासारखा काळा, आक्रसलेला, शेपटीचं टोक वर वळलेलं.

मी हात ओला करून त्याला उचललं. एकदम खोल पाण्यात सोडलं नाही, कारण इतक्या अशक्त जिवाला डोकं वर काढणं जमत नाही. बशीत टाकीतलं अर्धा सेंटिमीटर पाणी घेतलं, त्यात ठेवलं, वर ओला कागदी रुमाल सैल पांघरला आणि बशी अंधारात ठेवली. तासाभराने हनुवटीखालची कातडी हलताना दिसली, आधी थांबून थांबून, मग एका लयीत. संध्याकाळी धूळ आपोआप सुटली होती आणि तो बशीच्या काठावर पुढचे पाय टेकून बसला होता. आजही तो धडधाकट आहे.

तेव्हा झाकण बसवताना एवढं करा: जिथून त्याचं डोकं जाईल तिथून सगळं अंग जातं असं धरून चाला. नळीच्या कोपऱ्यात फिल्टरच्या स्पंजचा तुकडा कापून घट्ट कोंबा, हवा जात राहते आणि न्यूट अडतो. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा लावा. जाळीचं झाकण असेल तर कडेला फट राहत नाही ना ते बोटाने चाचपून बघा.

पाणी मुरू द्या

आता मुख्य गोष्ट. आमची पहिली चूक अशी झाली: मे महिन्याच्या सुट्टीत एकाच फेरीत टाकी, फिल्टर, खडी आणि तीन न्यूट आणले. दुकानातल्या माणसाने जिवाणूंची एक बाटली दिली, ती ओतली की लगेच प्राणी सोडता येतील असं सांगितलं. पाचव्या दिवशी तिघेही तरंगत्या लाकडावर जाऊन बसले. पाण्यात ढकललं तरी परत वर. अंगावरून कातडीचे पापुद्रे सुटत होते. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ! नवव्या दिवशी एक जण गेला. त्यानंतर मी तपासणीच्या पट्ट्या विकत आणल्या, आणि नायट्राइटचा चौकोन पाण्यात बुडवताच गडद गुलाबी झाला. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

होतं ते असं. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोडं साठलं तरी चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर हळूहळू वसतात, आणि बाटली ओतली तरी त्यांचं बस्तान बसायला आठवडे जातात. लोणचं घातल्या दिवशी वाढत नाही, ते मुरावं लागतं. टाकीतल्या पाण्याचंही तेच. आमच्या शेजारच्या आजी बाल्कनीत मातीच्या कुंडीत मेदाका मासे पाळतात. कुंडी तयार झाली की त्या म्हणतात, "मिझु गा देकिता", म्हणजे पाणी झालं. आपण भात झाला म्हणतो ना, तसं.

आजींनी मला मुरवायची रीत शिकवली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढायचा. जपानात कायद्याने नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.१ मिलिग्रॅम क्लोरीन असावाच लागतो. तो आपल्याला जपतो, पण या जिवाणूंना आणि न्यूटच्या उघड्या कातडीला सोसत नाही. हायपोचे पांढरे खडे मिळतात, पाकिटावर लिहिलेल्या मापाने ते टाका, किंवा उघड्या बादलीत पाणी एक-दोन दिवस ठेवून द्या. तुमच्या गावच्या नळाला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे जास्त टिकणारं जंतुनाशक असेल तर नुसतं ठेवून ते जात नाही, दुकानातलं द्रावणच वापरावं लागतं.

पाणी भरलं की फिल्टर चालू करायचा आणि तो मग बंद करायचाच नाही. फिल्टर साधा घ्या, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा. ज्यातून पाण्याची जोरदार धार पडते तो नको, न्यूट संथ पाण्यातला आहे, प्रवाहाने तो थकतो. मग दोन दिवसांआड माशांच्या दाण्यांची एक चिमूट रिकाम्या टाकीत टाकायची. हे दाणे कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंचं पोट भरतं. कुणाची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्यावा, ते विरजण लागतं. आजींनी मला त्यांच्या कुंडीतला मूठभर गाळ दिला. दुसऱ्या न्यूटच्या किंवा बेडकांच्या टाकीतलं मात्र काही आणू नका, त्यांचे रोग न्यूटना लागतात.

माझ्या वहीतल्या नोंदी: १५ मे, सुरुवात. आठवा दिवस, अमोनिया दिसतोय. सोळावा दिवस, नायट्राइट फिकट गुलाबी. एकोणतिसावा दिवस, गडद गुलाबी, अमोनिया जवळजवळ नाही. एकेचाळिसावा दिवस, नायट्राइटचा चौकोन पांढराशुभ्र. त्या दिवशी टाकीला नाक लावलं तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येत होता. मी मुद्दाम दाण्यांची आणखी एक चिमूट टाकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी बुडवली, पुन्हा पांढरी. मगच टाकीतलं बरंचसं पाणी बदललं, कारण तोवर नायट्रेट साठलेलं असतं, आणि दोघांना आत सोडलं. गरम महिने होते म्हणून सहा आठवड्यांत झालं. थंडीत जिवाणू सुस्त असतात, दोन महिनेही लागतात. एकाच पट्टीवर सहा तपासण्या असलेल्या पाकिटात बहुधा अमोनियाची तपासणी नसते, तिचं द्रावण वेगळं घ्यावं लागतं. या खर्चात काटकसर करू नका.

हे सहा आठवडे ते दोघे कुठे होते? पाच लिटरच्या झाकणवाल्या प्लास्टिकच्या डब्यात. तळाला काही नाही, शेवाळाचा एक गुच्छ, आणि रोज सकाळी सगळं पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. हे कष्टाचं आहे, पण घाण साठतच नाही. तुमच्या घरीही आधीच प्राणी येऊन बसला असेल, तर आज रात्रीपासून हेच करा.

आतली मांडणी

याला फार डोकं लढवू नका. तळाला बारीक वाळू, नाहीतर न्यूटच्या डोक्याहून मोठे गोटे. मधल्या मापाची खडी नको, खाण्याबरोबर ती गिळली जाते आणि पोटात अडकते. वनस्पतींत अनाकारिस आणि मात्सुमो दोन्ही तगड्या, मंद उजेडातही वाढतात, त्यांच्या फांद्यांवर टेकून न्यूट नाक वर काढून आराम करतो. बाजारातल्या वनस्पतींवर कीटकनाशक राहिलेलं असू शकतं, तेव्हा 'कीटकनाशकविरहित' लिहिलेल्याच घ्या, आणि तरी आठवडाभर बादलीत ठेवून रोज पाणी बदला. वर यायला एक तरंगता सालीचा तुकडा लागतो. मोठा न्यूट जवळजवळ सगळा वेळ पाण्यातच असतो, पण कोरडी जागा हवीच. एखादं फुटकं मातीचं भांडं पालथं घातलं की लपायची सोय होते. कडा मात्र घासून घ्या.

उन्हाळा

माठातलं पाणी गार का राहतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. टाकीलाही हाच उपाय. झाकणाच्या अर्ध्या भागाला बारीक जाळी बसवायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावायचा. आमच्याकडे याने पाणी खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी मात्र झपाट्याने आटतं, रोज सेंटिमीटरभर खाली जातं, तेवढं क्लोरीन काढलेलं पाणी भरत राहावं लागतं. आणि दमट दिवशी हा उपाय कमी पडतो, माठसुद्धा मुंबईत साताऱ्याइतका गार होत नाही. म्हणून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही एसी २६ वर दिवसरात्र चालू ठेवतो. वीजबिल वाढतं. ते आधीच धरून चाला आणि परवडणार नसेल तर न्यूट आणू नका, हे मी मनापासून सांगते.

बर्फाची बाटली टाकीत टाकायची सवय लावू नका. पाणी भराभर उतरतं, बाटली वितळली की भराभर चढतं, आणि या चढउतारानेच प्राणी खचतो. वीज गेली तर तेवढ्यापुरती, रुमालात गुंडाळून ठीक आहे. हिवाळ्यात हीटर लागत नाही. घरातलं पाणी दहा अंशांवर आलं तरी तो मंदावतो, कमी खातो, आणि वसंतात पुन्हा ताजातवाना होतो.

आता प्राणी

एक हिशेब आधी मांडा. आमचा व्हिसा तीन-तीन वर्षांनी नवा होतो आणि हा प्राणी वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. परत भारतात जायची वेळ आली तर त्याला बरोबर नेता येईल असं धरू नका, आणि पाटात सोडायचा तर विचारही नको. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत ही जात 'धोक्याच्या उंबरठ्यावर' या वर्गात आहे. भातखाचरांचे मातीचे पाट जाऊन सिमेंटचे झाले, आणि कित्येक खाचरं पडीक झाली. शिवाय प्रांताप्रांतातले इमोरी वंशाने वेगळे आहेत, बाहेरचा एक सोडला तरी भेसळ होते. आम्ही शेजारच्या आजींच्या नातवाशी बोलून ठेवलं आहे. तुमचा असा माणूस कोण, ते प्राणी आणण्याआधी ठरवा. रानातून पकडू नका, घरी वाढवलेल्या अंड्यांतून मोठे झालेलेच विकत घ्या. आणि मोठेच घ्या, पिल्लं पहिली काही वर्षं जमिनीवर राहतात, ती सांभाळणं निराळं काम आहे.

निवडताना शेपटीचं मूळ भरलेलं आहे का पाहा. कमरेची हाडं दिसत असतील तर तो उपाशी आहे. दुकानदाराला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. जो चिमट्यामागे मान वळवतो तो घ्या.

घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीतलं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी प्राणी ओल्या हाताने उचलून सालीवर ठेवा. तो स्वतःहून पाण्यात उतरेल. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिले तीन-चार दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका.

खायला गोठवलेल्या लाल अळ्यांचे चौकोन मिळतात, ते वाटीत विरघळवून, पाणी गाळून द्यायचे. बारीक गांडूळ सगळ्यात पौष्टिक, फवारणी न झालेल्या मातीतलं असेल तर. मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी त्याच्या डोक्याएवढं खाणं पुरतं. टोकाला रबर असलेल्या चिमट्याने नाकापुढे हळूच हलवा. त्याची नजर मंद आहे, तो आधी थांबतो, मान तिरकी करतो, पाण्याचा वास घेतो, आणि मग एका झटक्यात तोंड मारतो. नेम चुकला तर शेजाऱ्याचा पाय तोंडात जातो. आमच्या एकाचं मागचं बोट असंच गेलं. चार महिन्यांत तिथे आधी मोहरीएवढा कोंब आला, मग तो लांबला, आणि आता कुठलं बोट नवं ते मुलीलाच ओळखता येतं. या जातीच्या डोळ्यातलं भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढलं आणि अठराही वेळा ते पुन्हा उगवलं, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. तरीही दोघांना टाकीच्या दोन टोकांना खाऊ घालावं हे बरं. उरलेलं खाणं तासाभरात काढून टाका.

टाकीत मासे, कोळंबी, दुसऱ्या जातीचे न्यूट, काही काही नको. इमोरीच्या कातडीत फुगू माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. हाताळल्याने धोका नाही, पण नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला, तोंडाला लावायचे नाहीत. लहान मूल असेल तर हा नियम पहिल्या दिवसापासून.

दर रविवारी मी पाव टाकी पाणी बदलते. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला की सहा आठवड्यांची मेहनत दोन मिनिटांत वाहून गेली. न्यूट कात टाकतो आणि बहुतेक वेळा ती खातो, ते ठीक. पण वारंवार पापुद्रे सुटणं, सतत पाण्याबाहेर बसणं, पाय लालसर दिसणं, अंगावर कापसासारखी बुरशी येणं, यांतलं काही दिसलं की आधी पट्टी, मग थर्मामीटर, मग पाणी बदलणं, आणि दोन दिवसांत फरक नसेल तर उभयचर पाहणारा पशुवैद्य. त्याचा पत्ता आधीच शोधून ठेवा.

वसंतात नराच्या शेपटीवर निळसर जांभळी झाक येते. तो मादीच्या समोर आडवा उभा राहून शेपटी थरथरवतो. १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या नराचं गंधद्रव्य शोधलं आणि त्याला सोदेफ्रिन नाव दिलं. 'सोदे' म्हणजे किमोनोची बाही, 'फुरु' म्हणजे हलवणं. पूर्वी आवडत्या माणसाला बाही हलवून खूण करत. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मादीने अनाकारिसची पानं मागच्या पायांनी दुमडून प्रत्येकात एकेक अंडं ठेवलं, पानाचा विडा करावा तसं. १९९४ च्या जुलैमध्ये जपानी अंतराळवीर चिआकी मुकाई कोलंबिया यानातून अंतराळात गेल्या तेव्हा याच जातीचे न्यूट बरोबर होते आणि त्यांनी तिथेही अंडी घातली. पहिल्या वर्षी अंडी वाढवायच्या मागे लागू नका. मोठे ती खातात, आणि पिल्लांना रोज जिवंत बारीक खाणं लागतं.

राहिला प्रश्न सुट्टीवर जाण्याचा. हिवाळ्यात निघालात तर मोठे न्यूट दहा-बारा दिवस न खाता सहज राहतात, आणि शेजाऱ्याला खाणं घालायला सांगितलं तर तो प्रेमाने जास्तच घालतो. उन्हाळ्यात मात्र कुणीतरी रोज येऊन पाहायलाच हवं. आम्ही ऑगस्टमध्ये वाईला जातो तेव्हा आजींसाठी फ्रिजवर कागद लावून जातो: एसी २६, बंद करू नये. पंखा चालू आहे का. खुणेच्या रेषेपर्यंत निळ्या बादलीतलं पाणी. खाणं बुधवारी आणि शनिवारी, एका वेळचं एकेका पुडीत बांधून फ्रीझरमध्ये. झाकणाच्या क्लिपा चार. परवा कृष्णेच्या घाटावर बसलो असताना आजींनी फोटो पाठवला, थर्मामीटर २३ वर, दोघे सालीखाली एकमेकांवर डोकं टेकून, आणि खाली लिहिलं होतं: क्लिपा चारही लावल्या.